उर्वरित महाराष्ट्राचा इतिहास

मराठी माणूस इतिहास वाचतो त्याहून अधिक आता तो ऐकू लागला आहे. एस. टी. च्या प्रवासात, केळीच्या बागेला पाणी देताना, गिरणीच्या पाळीवर जाता-येता तरुणांच्या कानांत पॉडकास्ट चालू असतात आणि त्यांतील बराच भाग इतिहासाच्या कथनाचा असतो. ह्या नव्या साधनाला नाके मुरडण्याचे कारण नाही. ज्या समाजात कीर्तन, पोवाडा आणि पारावरची गोष्ट ह्यांनीच शतकानुशतके इतिहास सांगितला, त्या समाजाला कानाने इतिहास घेणे परके कसे असेल? विचार करावयाचा तो ह्या गोष्टीचा, की 'महाराष्ट्राचा दुर्लक्षित इतिहास' असे नाव देऊन जे सांगितले जाते त्यात महाराष्ट्र किती असतो आणि दुर्लक्षित किती असते. गड, लढाया, राजघराण्यांतील वैरे आणि पुरलेली धने एवढ्यावरच बहुतेक कथन संपते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचा उल्लेख आलाच तर थाळनेरचे फारुकी सुलतान, अकबराने १६०१ साली घेतलेला असीरगड आणि सुरत-बुऱ्हाणपूरचा व्यापारी मार्ग एवढ्यापुरता. म्हणजे खानदेश हा इतरांच्या इतिहासात लागणारा रस्ता. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंस माणसे राहत होती, कसत होती, कर्जात बुडत होती आणि वेळ आली की उठत होती, ह्याची दाद ना कथनकाराला, ना श्रोत्याला.

हा दोष एकट्या पॉडकास्टवाल्या मुलांचा नाही. त्यांना जे शाळेत मिळाले तेच ते पुढे देत आहेत. शिवाय ह्या विस्मरणाला एक राजकीय चौकटही आहे. १९८३ साली वि. म. दांडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणारी समिती नेमली गेली. १९९४ साली घटनेच्या ३७१ व्या कलमान्वये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. मंडळे तीन : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. मुंबई, पुणे, कोल्हापूर ह्यांच्या शेजारी अक्राणीचा डोंगर आणि शिंदखेड्याचे कोरडवाहू रान एकाच 'उर्वरित'मध्ये बसविण्यात आले. अर्थशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल, की मुंबईचे उत्पन्न ज्या सरासरीत मिसळले त्या सरासरीतून धडगावची भूक दिसणे शक्य नाही. मंडळांची मुदत २०२० साली संपली. पण 'उर्वरित' ही वृत्ती काही त्या मुदतीबरोबर संपली नाही. जे अंदाजपत्रकात झाले तेच इतिहासात झाले. विदर्भाला स्वतःची गाऱ्हाणी मांडणारे प्रवक्ते मिळाले, मराठवाड्याला मुक्तिसंग्राम मिळाला. खानदेश मात्र सरासरीत विरघळून गेला.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले. सुपे गावापासून सुरू झालेले ते दंगे महाराष्ट्रातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाठ असतात. परंतु त्याच्या तेवीस वर्षे आधी, १८५२ साली, खानदेशात सावदा, रावेर, चोपडा, एरंडोल ह्या भागांतील शेतकरी सरकारच्या जमीन-मोजणीविरुद्ध उठले होते, हे किती जणांस ठाऊक आहे? इंदापुरापासून सुरू झालेली मोजणी आणि सारा-आकारणीची पद्धत जेव्हा तापीकाठी आली, तेव्हा साखळी घेऊन येणाऱ्या अंमलदारामागून वाढीव सारा येणार हे कुणब्यांनी ओळखले. जमाव मोजणीदारांच्या तळावर गेले, मोजणी थांबवा म्हणून अडून बसले. अखेर फौज आणवून पुढाऱ्यांना पकडण्यात आले आणि मोजणी पार पडली. दोन्ही घटना शेतकऱ्यांच्याच. मग एक स्मरणात का आणि दुसरी विस्मृतीत का? १८७५ च्या दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ साली कायदा केला. पुण्यात सार्वजनिक सभा होती, छापखाने होते, इंग्रजीत अर्ज लिहिणारे होते. सावद्याच्या शेतकऱ्याजवळ ह्यांतले काहीच नव्हते. त्याच्या उठावाची हकीगत राहिली ती मुख्यतः तो मोडून काढणाऱ्यांच्या दप्तरात. इतिहासात कोण उरते हे कोणी काय केले ह्यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक कोणाजवळ कागद होता ह्यावर असते.

भिल्लांच्या बाबतीत तर कागद पूर्णपणे दुसऱ्याच्याच हातात होता. १८१८ नंतर इंग्रजांनी खानदेश घेतला आणि सातपुडा व सातमाळ्याच्या नाईकांशी त्यांचा वर्षानुवर्षे झगडा चालला. १८२५ साली औट्रमने भिल्ल पलटण उभी केली. इंग्रजी ग्रंथांत ती रानटी लोकांना माणसाळविल्याची सुरस कथा म्हणून येते. ज्यांना माणसाळविले त्यांचे म्हणणे काय होते? १८५७ साली आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटाचा राखणदार खाज्या नाईक सरकारविरुद्ध उठला, भीमा नाईक त्याला मिळाला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या रानात मोठी लढाई झाली. पकडलेल्या भिल्लांना तेथल्या तेथे गोळ्या घालण्यात आल्या आणि स्त्रियांना कैद करून नेण्यात आले. झाशी आणि कानपूरच्या कथा ऐकून वाढलेल्या शिरपूर-चोपड्याच्या मुलाला आपल्या घराच्या उत्तरेस दिसणाऱ्या डोंगरात हे घडले, हे कळण्याची काही सोय नाही.

पुढचा भाग कापसाचा आहे आणि तो नीट सांगितल्याशिवाय खानदेशातील विसावे शतक कळावयाचे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास रेल्वे तापीच्या खोऱ्यात पोचली. पेरा वाढला, कर्ज वाढले, आणि युद्ध संपून भाव कोसळल्यावर जमीन सावकाराकडे सरकू लागली. कापसाबरोबर जिनिंग-प्रेसिंग आले, पाठोपाठ जळगाव, अमळनेर, धुळे येथे कापड गिरण्या आल्या. जमीन गमावलेला माणूस आणि गिरणीतला साचेवाला हे अनेकदा एकाच घरातील दोन पिढ्यांचे प्रतिनिधी होते. खानदेशात शेतकऱ्यांची चळवळ आणि कामगारांची चळवळ एकमेकींच्या इतक्या जवळ का आल्या, ह्याचे उत्तर येथे आहे.

ह्या पार्श्वभूमीवर फैजपूरकडे पाहावे. डिसेंबर १९३६ मध्ये तेथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, सजावट नंदलाल बोस ह्यांची, एवढे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात येते. अधिवेशन खेड्यात भरले ह्या कौतुकाखाली, त्या अधिवेशनाने काय मागितले हे मात्र झाकले गेले. सारा व खंड कमी करणे, कर्जवसुलीला स्थगिती, सरंजामी वेठ व लागा बंद करणे, शेतमजुरास जगण्यापुरते वेतन, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता अशा मागण्यांचा शेतीविषयक कार्यक्रम तेथे मंजूर झाला. त्याच वेळी आणि त्याच गावी अखिल भारतीय किसान सभेचे दुसरे अधिवेशन एन. जी. रंगा ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यासाठी वि. म. भुस्कुटे आणि जे. बुखारी ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे पाचशे शेतकरी मनमाडहून पायी निघाले आणि गावोगावी सभा घेत दोनशेहून अधिक मैलांची चाल करून फैजपुरास पोचले. मनमाड ते फैजपूर हे अंतर सरळ वाटेने एवढे नाही. तेव्हा मोर्चा सरळ आलाच नसला पाहिजे, खेडी गाठीत वळणावळणाने आला असला पाहिजे. त्यांच्या स्वागतास नेहरू व शंकरराव देव होते, आचार्य नरेंद्र देव, युसूफ मेहेरअली, मानवेंद्रनाथ रॉय आणि डांगेही होते. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी ज्या परिसरात मोजणीची साखळी अडविली गेली त्याच परिसरात ही पाचशे माणसे येऊन थांबली. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली? ते कोठे मुक्कामाला राहिले, भाकरी कोणी दिल्या, कोणत्या गावाने दिल्या नाहीत? नंदलाल बोसांच्या सजावटीची वर्णने उपलब्ध आहेत, मोर्चातील एका शेतकऱ्याच्या तोंडची हकीगतही सर्वसामान्य वाचकाच्या हाती नाही.

साने गुरुजींचेही तसेच झाले. महाराष्ट्राने गुरुजींना 'श्यामची आई'मध्ये ठेवून दिले आणि डोळे पुसले. अमळनेरच्या शाळेतील शिक्षक, तुरुंगातील लेखक इतपत ओळख असते. परंतु १९३८ साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके गेली तेव्हा साराबंदीसाठी सभा घेत फिरणारे, कलेक्टर कचेरीवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेणारे, 'काँग्रेस' साप्ताहिक काढणारे, अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांची युनियन बांधणारे गुरुजी घराघरांत पोचले नाहीत. तेव्हा मुंबई प्रांतात सरकार काँग्रेसचे होते आणि गुरुजी काँग्रेसचेच होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या कामातील ताण कळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन भरले, शेजारी विद्रोही संमेलनही भरले. ज्या प्रताप मिलच्या भोंग्यावर ते गाव अनेक दशके उठले-बसले तिच्या कामगारांच्या आठवणी गोळा करण्यास तो प्रसंग किती सोयीचा होता!

अमळनेरच्या आठवणींत एक अवघड आठवणही आहे. ऑगस्ट १९४६ मध्ये तेथील संपकरी कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. श्रीपत पाटील आणि त्यांचे सहकारी ठार झाले. त्या वेळीही मुंबई प्रांतात लोकनियुक्त काँग्रेस मंत्रिमंडळच होते. स्वातंत्र्य वर्षभरावर आले असताना सांडलेले हे रक्त स्वातंत्र्यलढ्याच्या हिशेबात कोठे लिहावयाचे हे कोणालाच न कळल्यामुळे ते कोठेच लिहिले गेले नाही. श्रीपत पाटील लाल बावट्याचे. म्हणून काँग्रेसने त्यांचे नाव घेतले नाही आणि, स्पष्ट बोलावयाचे तर, समाजवाद्यांनीही फारसे घेतले नाही. हुतात्मे झेंड्यांप्रमाणे वाटून घेण्याची ही खोड डाव्या चळवळीला फार महाग पडली. उलट दिशेचे उदाहरणही आहेच. अमळनेरच्या १९४२ च्या आंदोलनात लीलाताई पाटील व डॉ. उत्तमराव पाटील ह्यांनी जे केले, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची पाच लाखांवर रक्कम भूमिगतांनी ताब्यात घेतली, त्याची कथा साताऱ्याच्या प्रतिसरकारचे एक प्रकरण म्हणून सांगितली जाते. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी ह्यांच्या धाडसाला कोणी उणे म्हणणार नाही. परंतु परजिल्ह्यातील माणसांना वाट दाखविणारी, त्यांना लपविणारी, नंतर पोलिसांचा मार खाणारी खेडी येथलीच असणार. त्या खेड्यांत कोणी जाऊन विचारले आहे काय?

ह्या सर्वांत अद्याप हाताशी असलेला इतिहास शहाद्याचा आहे. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत शहादा धुळे जिल्ह्यातच होता. कर्जापोटी व फसवणुकीने जमिनी गेलेले भिल्ल आपल्याच शेतात सालदार झाले होते. आखाजीला साल ठरे, उचल मिळे, आणि पुढच्या आखाजीपर्यंत ती फिटत नसे. १९७१ सालच्या पाटीलवाडी येथील हल्ल्यानंतर हा प्रश्न महाराष्ट्रापुढे आला. अंबरसिंग सुरतवंती ह्यांच्यासारखा भिल्ल कार्यकर्ता, त्याच्या साह्यास आलेले शहरी तरुण, १९७२ सालची श्रमिक संघटना, दुष्काळात रोजगारासाठी आणि मजुरीसाठी झालेले लढे, दारूची मडकी फोडीत गावोगाव निघालेल्या स्त्रिया हे सगळे अवघ्या तीन-चार वर्षांत घडले. अंबरसिंग १९७४ साली गेले. त्याच वर्षी आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. हा लढा समाजवादी पक्षाचा नव्हता आणि आज तो आपल्या खात्यावर जमा करण्याचा मोह कोणी धरू नये. जर्मन विदुषी मारिया मीस हिने १९७६ साली त्यावर इंग्रजीत लिहिले, आणि त्या लढ्यातून आलेले वाहरू सोनवणे ह्यांच्या 'गोधड' ह्या संग्रहामुळे भिल्ल माणसाचा शब्द मराठी कवितेत आला. पण मडकी फोडणारी वीस वर्षांची स्त्री आज सत्तरी ओलांडून गेली आहे. गेलेल्या जमिनीपैकी किती परत मिळाली, मिळालेली टिकली की पुन्हा गहाण पडली, मडकी फोडून आल्या रात्री घरात काय झाले, हे तिलाच सांगता येईल. तिने ते भिलीत सांगितले तर ऐकणाऱ्याने भिली शिकावी.

येथे खानदेशाच्याच दोन ग्रंथांची आठवण करून देणे आवश्यक आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले म्हणून 'गीता प्रवचने' हा ग्रंथ झाला. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. जात्यावर, शेतात त्या जे म्हणत त्यांतले काही घरच्यांनी टिपून ठेवले. १९५१ साली त्या वारल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुरस्काराने पुस्तक निघाले. एकीकडे महापंडित, दुसरीकडे अक्षरशत्रू शेतकरीण. दोघांचेही वाङ्मय मुखातून निघाले आणि दुसऱ्याच्या लेखणीमुळे वाचले. बहिणाबाईंचे जे टिपले गेले नाही ते किती असेल ह्याचा अंदाज कोणालाच करता येणार नाही. आज टिपण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हणून पॉडकास्टविषयीचा प्रश्न हा आवडीनिवडीचा नसून कामाचा आहे. एका खोलीत बसून तीन पुस्तकांचा सारांश भारदस्त आवाजात सांगणे म्हणजे इतिहास नव्हे. तसे करणाऱ्याच्या हातून नकळत गॅझेटियरची साहेबी दृष्टीच मराठीत येते. श्रोते आणि जाहिराती ह्यांच्या गणितामुळे त्याला पुन्हा राजाकडे आणि खजिन्याकडे वळावे लागते, अगर एखाद्या जातीचा गौरव रंगवावा लागतो. खानदेशाचा इतिहास त्या गणितात बसावयाचा नाही. तो गोळा करण्यास संघटना लागते, आणि संघटना ही अजून तरी बाजारात मिळत नाही.

पक्षाच्या तालुका शाखांनी हे काम घ्यावे. अमळनेर, धुळे आणि जळगावच्या जुन्या गिरणी-वस्त्यांत, शहादा-तळोद्याच्या पाड्यांत, यावल-रावेरच्या खेड्यांत जाऊन वृद्धांचे म्हणणे त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे. बोलणाऱ्याने अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी जी भाषा वापरली तीच ठेवावी. तिची प्रमाण मराठी करून चव घालवू नये. भाषणे नकोत. प्रश्न साधे विचारावेत : सालाची रक्कम किती होती, ज्वारी किती मिळे, पाळीचा पगार किती, कर्ज कोणाकडून, सातबारा कोणाच्या नावावर, पहिला संप कशावरून झाला, कोण फुटले. आखाजीला माहेरी आलेल्या स्त्रियांना झोक्यावरची गाणी अवश्य म्हणू द्यावीत, पण त्यांची मजुरीही विचारावी. बोलणारा चुकला, वर्ष विसरला, आपल्या पुढाऱ्यांना शिव्या देऊ लागला तरी यंत्र बंद करू नये. पक्षाविरुद्ध जे निघेल ते आधी जपून ठेवावे.

एवढे करून मुद्रणे मोबाइलमध्ये पडून राहिली तर फोन बदलताच ती जातील. वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले आणि पुढच्या वर्षी तेथे त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे जमवीत. अर्थात ज्यांच्या घरी दप्तर होते त्यांचीच. ज्यांच्या घरी दप्तर नव्हते त्यांच्या आवाजांची एक प्रत त्याच मंडळाकडे व दुसरी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाकडे, दिनांक, गाव आणि मुद्रण करणाऱ्याचे नाव लिहून, स्वीकारली जावी अशी विनंती दोन्ही संस्थांना केली पाहिजे. मग ज्या मुलांना पॉडकास्ट करावयाचे आहेत त्यांनी तेथून खुशाल सामग्री घ्यावी.

डिसेंबर २०२६ हे फैजपूर अधिवेशनाचे नव्वदावे वर्ष. समारंभ होतील, हार घातले जातील. मनमाडहून निघालेल्या त्या पाचशे जणांचे नातू-पणतू नाशिक, जळगाव, धुळे जिल्ह्यांतल्या कोणत्या गावांत आहेत ह्याचा शोध त्या दृष्टीने आत्ताच सुरू करावा लागेल. मोर्चात असलेला प्रौढ माणूस आज हयात असण्याची शक्यता नाही. परंतु त्याने चुलीपुढे सांगितलेली गोष्ट लहानपणी ऐकलेला माणूस सापडू शकेल, आणि त्याचे वयही आज ऐंशीच्या घरात असणार.